बुद्धाची ओळख कुठल्या पानापासून?

सिद्धार्थ गौतमाने घर का सोडलं? म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी दिसला म्हणून, असं शाळेत शिकवतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हे पटलं नाही. २९ वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये (१९५७) कारण वेगळं आहे: शाक्य आणि कोलीय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा. शाक्य संघ युद्धाचा ठराव करतो, सिद्धार्थ विरोध करतो आणि परिव्रज्या पत्करतो. गोव्याच्या धर्मानंद कोसंबींनी त्याआधीच पाली सुत्तांच्या आधारे चार दृश्यांच्या कथेवर शंका घेतली होती.

मग हा बुद्ध की बाबासाहेबांचा बुद्ध? आक्षेप पोकळ नाही. पाली परंपरेत चार आर्यसत्यं हा सारनाथच्या पहिल्या प्रवचनाचा गाभा. बाबासाहेब ती मूळ शिकवणीत होती का, हेच विचारतात. परंपरा दुःखाचं मूळ तृष्णेत पाहते, त्यांचा भर माणसाने माणसावर लादलेल्या दुःखावर. पुनर्जन्माचा अर्थ बदलतो, ध्यान मागे पडतं. विपश्यनेतून बुद्धाकडे आलेल्याला हे परकं वाटणारच.

पण ‘मूळ’ शोधायचं कुठे? त्रिपिटक कित्येक पिढ्या मुखोद्गतच होतं. ते श्रीलंकेत इ.स.पू. पहिल्या शतकात लिहिलं गेलं, असं परंपराच सांगते. तोवर संघात फाटाफूट होऊन गेली होती. अजिंठ्याला जाऊन पाहा. दहाव्या लेण्यातला स्तूप साधा, त्यावर मूर्ती नाही. सव्विसाव्यात स्तूपाच्या दर्शनी अंगावरच बसलेला बुद्ध कोरलाय, आणि बाजूच्या भिंतीवर महापरिनिर्वाणाचं भव्य शिल्प. डोंगर एकच, मध्ये काही शतकं. सव्विसाव्या लेण्याला कुणी खोटं म्हणत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी त्रिशरण-पंचशील घेतलं ते भिक्खू चंद्रमणींकडून, रूढ रीतीनेच. २२ प्रतिज्ञा मात्र स्वतःच्या दिल्या. म्हणजे परंपरा सोडलीही नाही आणि होती तशी स्वीकारलीही नाही. जातीच्या उतरंडीत भरडलेल्या समाजाला पूर्वजन्मीच्या कर्माचा हिशेब ऐकवणारा धम्म त्यांना चालणारच नव्हता. आमच्या लेखी एवढं कारण पुरेसं आहे.

अनुयायांनाही एक सांगायला हवं. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपले प्रश्न वाचकांनी विचार करावा म्हणून मांडलेत. त्या ग्रंथाची पोथी करणं त्यांच्याच पद्धतीविरुद्ध आहे. कोसंबींचं ‘भगवान बुद्ध’ शेजारी ठेवा आणि दोन्ही वाचा.