मूल्यमापन धनकोचे की ग्रामसभेचे?

परदेशी निधीवर चालणाऱ्या पर्यावरण प्रकल्पांचे मूल्यमापन हा आता एक स्वतंत्र धंदा झाला आहे. धनको तपासनीस नेमतो, खाते आकडे पुरवते आणि ज्यांच्या सरपणावर व चराईवर प्रकल्प उभा राहतो त्यांना कोणी विचारीत नाही. निधी संपला की मोजणीही संपते; प्रकल्प टिकला की नाही हे मात्र त्यानंतरच कळायचे असते!

महाराष्ट्राचा अनुभव बोलका आहे. १९८२ साली अमेरिकी साहाय्याने सामाजिक वनीकरण आले. नाव समाजाचे, कारभार खात्याचा. १९९२ साली जागतिक बँकेच्या पैशातून महाराष्ट्र वनीकरण प्रकल्प सुरू झाला आणि त्याच वर्षी संयुक्त वन व्यवस्थापनाचा शासननिर्णय निघाला. त्यातून समित्या मिळाल्या, हक्क मिळाले नाहीत. ज्याला 'मदत' म्हटले गेले ते कर्ज होते आणि त्याची परतफेड श्रमिकांच्याच करांतून व्हायची होती.

पैसा नसता तर काहीच घडले नसते, असा युक्तिवाद केला जातो. त्याला साकोली तालुक्यातील एकोडीच्या परिसराने उत्तर द्यावे. भंडाऱ्याचे मालगुजारी तलाव कोणत्याही बँकेच्या कर्जाविना बांधले गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या धानाला पाणी देत राहिले. मालगुजारी शोषकच होती. १९५१ साली ती गेली हे योग्यच झाले. परंतु तलाव कष्टकऱ्यांच्या हाती न येता सरकारजमा झाले. पाळ, पाट आणि गाळ यांची जबाबदारी गावाकडून सुटली व अनेक तलाव गाळाने भरले. उणीव पैशाची होतीच. पण त्याहून मोठी उणीव सत्तेची होती.

शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाने २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला व २०११ पासून बांबूची विक्री स्वतः केली. तेथे टिकाऊपणा अनुदानातून नव्हे, अधिकारातून आला.

म्हणून कार्यकर्त्यांनी प्रत्येक प्रकल्पाचा हिशेब ग्रामसभेत मागितला पाहिजे आणि निधी संपल्यावर पाच वर्षांनी पुन्हा मागितला पाहिजे. पाटाच्या शेवटच्या शेताला पाणी पोहोचते काय? ढिवरांच्या जाळ्यात मासळी येते काय? सरपणाची मोळी आणणाऱ्या बाईची पायपीट घटली काय? या प्रश्नांना होकार मिळाला नाही, तर धनकोच्या दप्तरी यशस्वी ठरलेला प्रकल्प जनतेच्या दप्तरी फसलेलाच आहे!