हुआलूचे खूर आणि कोवळी शिंगे

निसर्गलेखनाची आपल्याकडील चर्चा बहुधा सौंदर्यानुभवापाशी येऊन थांबते. मिखाईल प्रिश्विन यांची ‘झेन-शेन’ (१९३३) ही रशियन लघुकादंबरी अशा वाचनाची मर्यादा दाखवून देते.

तिच्यातील एक प्रसंग सहज मनात राहतो. रशिया-जपान युद्धानंतर अतिपूर्वेच्या अरण्यात आलेला निवेदक वेलींच्या मांडवात लपलेला आहे. एक ठिपकेदार हरिणी, चिनी नावाने ‘हुआलू’ म्हणजे फुलहरिण, पाने खाण्यासाठी मागच्या पायांवर उभी राहते आणि तिचे पुढचे खूर थेट त्याच्या हाताशी येतात. तो शिकारी आहे. तरीही ते पकडत नाही. करुणेने हिंसेवर मात केली, असा निष्कर्ष येथे मोहक वाटतो. परंतु कथा येथे संपत नाही.

त्या प्रदेशात हरणाचे मोल नराच्या शिंगांत होते आणि तेही ठरावीक ऋतूपुरते. सारंगकुळातील नराची शिंगे दरवर्षी गळून नव्याने उगवतात. वाढत असताना त्यांवर मखमलीसारखी लवदार त्वचा असते व आत रक्त खेळत असते. शरदापर्यंत ती टणक होतात, त्वचा घासून निघते आणि मगच ती झुंजीच्या कामी येतात. चिनी वैद्यकाला मात्र हवी असतात ती कोवळीच. रशियनमध्ये त्यांना ‘पान्ती’ असा स्वतंत्र शब्द आहे. शस्त्र अजून शस्त्र झालेले नसते, नेमके तेव्हाच नराच्या जिवाला सर्वाधिक भाव येतो. या शिकारीने उसुरी प्रदेशातील ही हरणे विरळ होण्यास मोठा हातभार लावला.

निवेदक यावर शोधतो तो मार्ग हरिणपालनाचा. हुआलू माणसाळते, नरही कुंपणात येतात. शिंगे कापली जातात. प्राणी जगतो आणि पुढल्या वर्षी पुन्हा शिंगे देतो. बंदुकीपेक्षा हे निःसंशय बरे. मात्र कोवळे शिंग कापले की रक्त येतेच, आणि कुंपण हे कुंपणच असते.

खूर न पकडणारा हात आणि कुंपण घालणारा हात एकाच माणसाचे आहेत, हे प्रिश्विन दडवत नाहीत. त्यांचे मोठेपण मला येथे दिसते. वर्गात पहिला प्रसंग रंगवून सांगायचा आणि दुसरा गाळायचा, ही आपली सवय विद्यार्थ्याला सोयीची करुणा शिकवते. दोन्ही प्रसंग एकत्र वाचले, तरच संयमाची खरी किंमत त्याच्या ध्यानी येईल.