पेडणे-डिचोलीतले घरगुती गाणे

शिकवणीच्या निमित्ताने कोल्हापूरहून पेडणे आणि डिचोली या भागांत माझे वर्षातून चार-सहा वेळा जाणे होते. मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावर रात्री वाजणाऱ्या प्रचंड स्पीकरांची तक्रार तिकडे हल्ली घरोघर ऐकू येते. कायदा मोघम नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सणासमारंभांसाठी सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते, तीही वर्षातून फार तर १५ दिवस. या नियमांची अंमलबजावणी हा सरकारचा प्रश्न झाला. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला चिंता वाटते ती दुसरीच. किनाऱ्याचे माप आता घरातही शिरले आहे. गाणे ऐकायला यंत्र घ्यायचे म्हणजे छाती हादरवणारे घ्यायचे, अशी समजूत जुन्या चिरेबंदी घरांतही रुजू लागली आहे.

हा तोच मुलूख, जिथल्या मालपे गावच्या अंजनीबाई मालपेकर १९५८ साली संगीत नाटक अकादमीच्या फेलो झाल्या. शेजारच्या फोंडे महालातल्या केरीच्या केसरबाई आपल्या दरबारचे गायक अल्लादियाखाँसाहेब यांच्या शिष्या. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. त्यांच्या जुन्या तबकड्या जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या. त्या ऐकायला धडधड लागत नाही.

माझे वडील कोवळ्या वयात दरबारात गवयामागे तंबोऱ्याला बसत. खर्जाची तार कानाने नव्हे, मांडीने ऐकावी, असे ते म्हणत. हिशेब पाहा: काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याची ही तार सेकंदाला सुमारे ६९ कंपने करते; बायकांच्या पट्टीत ती बरीच वर असते. पाच-सहा इंची पडद्याचा, फडताळावर मावणारा चांगला स्पीकर तिथवर सहज उतरतो. बारा इंची डबा मधल्या खोलीत आणला की डग्गा घुमतो आणि बोल त्यात बुडतात.

पण फडताळावर मावतो म्हणून तो फडताळात कोंबू नये. भिंतीपासून हातभर पुढे, कोपऱ्यापासून दूर ठेवावा. वरचा लहान पडदा बसलेल्या माणसाच्या कानाशी यावा. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांत सारखेच अंतर, सहा-सात फूट, असावे. जुने एकमार्गी ध्वनिमुद्रण लावले की आवाज बरोबर मधून आला पाहिजे. आवाज पोकळ आणि पसरट वाटला तर एका बाजूच्या तारा उलट जोडल्या आहेत असे समजावे. तांबडी तांबड्याला, काळी काळ्याला.

गोव्यातल्या घरांत फरशी गुळगुळीत, भिंतींना गिलावा, वर उंच कौले. टाळी वाजवून पाहावी. मागून झणझण उठली तर सतरंजी अंथरावी, समोरच्या भिंतीवर जाड गोधडी टांगावी. महागड्या यंत्रापेक्षा या गोधडीचा उपयोग अधिक होतो, हे मी डिचोलीतल्या एका घरी करून दाखविले. घरच्या आजींना मात्र गोधडी दिवाणखान्यात टांगलेली अजून खपत नाही.

पावसाळ्याचा विचार तर आधी हवा. पडद्याभोवतीची किनार स्पंजाची असेल तर या दमट हवेत ती काही वर्षांत भुसभुशीत होऊन गळते; रबराची घ्यावी. समुद्राकाठच्या घरांत तारांची टोके खारट हवेने काळी पडतात, ती मधूनमधून घासावीत.

दुकानदार खरेदीच्या वेळी ढोलताशांची चकचकीत तबकडी लावतो. ती ऐकूच नये. आपल्या परिचयाचा एखादा विलंबित ख्याल बरोबर न्यावा, खर्ज वाढविणारे बटण बंद करायला लावावे, आणि गायक श्वास घ्यायला थांबतो तिथे मागचा तंबोरा ऐकू येतो की नाही एवढेच पाहावे.