थॅलेसेमियाची तपासणी कॉलेजातच व्हावी

शाळेच्या पुस्तकात संयोगी ऊतींच्या तक्त्यात हाडे, कूर्चा, अस्थिबंधने यांच्या जोडीला रक्तही असते. बहुतेकांसाठी तो परीक्षेपुरता पाठ करायचा भाग. उल्हासनगरमधल्या अनेक घरांत मात्र रक्त आणि हाडांचे नाते रोज डोळ्यांसमोर असते, ते थॅलेसेमियामुळे.

फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि 1949 मध्ये त्या छावणीचे उल्हासनगर झाले. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली या समाजांत थॅलेसेमियाचे वाहक देशाच्या 3-4 टक्के सरासरीपेक्षा जास्त आढळतात. लग्ने समाजातच होत असल्याने दोन वाहकांची गाठ पडणेही सोपे. मग प्रत्येक गर्भारपणात थॅलेसेमिया मेजरचे मूल होण्याची शक्यता 25 टक्के.

अशा मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. ते कमी पडले की अस्थिमज्जा लाल पेशी बनवण्याच्या धडपडीत पसरत जाते. गालाची हाडे वर येतात, कवटी जाड होते, हाडे ठिसूळ होतात. रक्त वेळेवर मिळाले तरी सुटका नाही. एका पिशवीतून सुमारे 200 मिलिग्रॅम लोह अंगात जाते, आणि शरीर रोज जेमतेम 1 मिलिग्रॅम बाहेर टाकते. उरलेले लोह हृदयात, यकृतात साठते. म्हणून लोह काढणारी गोळी पाण्यात विरघळवून रोज रिकाम्या पोटी प्यायची. मज्जा प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो, पण सख्ख्या भावंडाशीही जुळणी होण्याची शक्यता चारात एक.

वाहक ओळखायला एचबीएटू ही रक्ततपासणी पुरते. आज ती पुष्कळदा गरोदरपणी होते, तेव्हा निर्णय फार जड जातो. उल्हासनगर महापालिकेने आणि अंबरनाथ, बदलापूरच्या नगरपालिकांनी खर्च उचलून ती बारावीतच करून द्यावी. सायप्रसने 1970 च्या दशकात वाहकांची तपासणी हाती घेतली आणि तिथे अशी मुले जन्माला येणे जवळजवळ थांबले.

खरी अडचण लपवाछपवीची आहे. मुलगी वाहक निघाली तर स्थळ मोडेल, ही धास्ती आईबापांना असते. म्हणून रिपोर्ट फक्त विद्यार्थी आणि पालकांच्याच हाती जावा, सोबत समुपदेशन हवे. वाहक आजारी नसतो. त्याच्या लाल पेशी लहान असतात, हिमोग्लोबिन थोडे कमी असते. पुष्कळदा नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन त्याला घरी पाठवले जाते. हा सिंधी लोकांचा आजार, असे म्हणून बदलापूरच्या मराठी घरांनीही निर्धास्त राहू नये. वाहक कोणत्याही समाजात असू शकतो.

आणि रक्त? या रुग्णांना ते मोफत द्यायचे आहे, पण मुळात पेढीत हवे ना! मे महिन्यात कॉलेजे बंद, चाकरमानी गावी, शिबिरे थंडावलेली. लाल पेशी जास्तीत जास्त 42 दिवस टिकतात, त्यामुळे हिवाळ्यातल्या शिबिरांचा साठा मेपर्यंत पुरत नाही. अंबरनाथ-बदलापूरच्या मोठ्या गृहसंकुलांनी आपली शिबिरे एप्रिलअखेर आणि मे महिन्यात ठेवावीत.