टेंडर म्हंजे नवं वतन

पहाटे पाचला शीळफाट्यावर येऊन उभे राहा. एक रस्ता मुंब्र्याला, एक पनवेलला, एक कल्याणला, एक महापेला. कंटेनर रात्रभर धावून दमलेले असतात आणि तरी धावत असतात. त्यांच्या मधून एक टेम्पो येतो. त्यात माल नसतो, माणसं असतात. उभी. हातात झाडू, घमेलं, फावडं. कुठल्याही गावाला चाललेली असोत, विचारा, "कुठं कामाला?" सांगतील, "म्युनसिपाल्टीत." विचारा, "पगार कोन देतो?" सांगतील, "ठेकेदार."

या दोन उत्तरांच्या मधे जी फट आहे, तिच्यात आपली अख्खी जात गाडलीय. त्या फटीबद्दल मला बोलायचंय.

मी दहावी पास. गोदीत माल उतरवतो, रात्री कविता लिहितो. माझंही नाव गोदीच्या मस्टरवर नाही, ठेकेदाराच्या वहीत आहे. म्हणून हे मी पुस्तकातून सांगत नाही.

गेल्या साली वस्तीतली आम्ही अकरा पोरं एकत्र बसलो. म्हटलं, किती दिवस दुसऱ्याचं ओझं वाहायचं? आपणच ठेका घेऊ. फाट्यापासून दीड-दोन तासांवर एक लहान नगरपरिषद आहे. नाव सांगत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट बदलत नाही. तिची जाहिरात निघाली होती : रस्ते झाडणं, गटारं काढणं, एक वर्षाचा ठेका. माझी मावशी त्याच गावात चौदा वर्षं झाडू मारते. म्हटलं, काम आपलं, माणसं आपली, मग ठेका दुसऱ्याचा का?

टेंडरचा कागद वाचला. अनामत रक्कम भरा. तीन वर्षांची उलाढाल दाखवा. बँकेचा ऐपतीचा दाखला आणा. जीएसटी, पीएफचा कोड, डिजिटल सही. आणि सगळ्यात वर, अशाच कामाचा अनुभवाचा दाखला. मी म्हटलं, अनुभव? आमच्याइतका अनुभव या देशात कुणाच्या बापाकडं आहे? पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे! टेबलामागचा बाबू हसला. म्हणाला, "तसा नाही चालत. संस्थेच्या नावावर पायजे." आणि मग अगदी प्रेमानं, "तुम्ही कामाला या ना. टेंडरला कशाला येता?"

नीट ऐका हे. मावशीनं चौदा वर्षं गटारात हात घातला, आणि अनुभव जमा झाला ठेकेदाराच्या नावावर. तिचा खोकला तिच्या नावावर, तिच्या बोटांतल्या चिखल्या तिच्या नावावर, दाखला मात्र त्याच्या. पूर्वी गावाला वेस होती. आता वेशीवर पाटील उभा नसतो, एक अट उभी असते. तिला जात नाही, म्हणून तिच्यावर ॲट्रॉसिटी लागत नाही.

आणि या सरकारी डोळ्याची तऱ्हा बघा. याच शीळफाट्यावर एक बेकायदा इमारत मजल्यावर मजला चढत गेली, ती कुणाला दिसली नाही. ४ एप्रिल २०१३ ला ती कोसळली आणि ७४ माणसं मेली, तेव्हा दिसली. गरिबाच्या कागदावर नसलेला शिक्का मात्र या डोळ्याला लांबूनच दिसतो.

तरी आम्ही हटलो नाही. या धंद्यात सगळं भाड्यानं मिळतं. एक जुना ठेकेदार म्हणाला, माझ्या कागदावर भरा, माझा हिस्सा काढून द्या. फाट्यावरच्या सायबर कॅफेत रात्री दर भरायला बसलो. सगळ्यात कमी दर ज्याचा, त्याला काम, हा नियम. अंदाजपत्रक शंभराचं धरा, तर खाली उतरायचंय. पंच्याण्णव. नव्वद. पंच्याऐंशी. डिझेल कमी होत नाही. टेम्पोचं भाडं कमी होत नाही. कागदवाल्याचा हिस्सा कमी होत नाही. वरची टक्केवारी तर देवाच्या नैवेद्यासारखी, तिला हात लावायचा नाही. मग कमी होतं काय? एकच गोष्ट. माणूस. चाळीसच्या जागी तीस माणसं लावा. मस्टरवर पूर्ण पगार, हातात अर्धा. हातमोजे कागदावर, हात गटारात.

सकाळी मावशीला सांगितलं. ती चहा ओतत होती. म्हणाली, "म्हंजे आता माजे पैशे तू कापनार व्हय रं?"

आम्ही दर भरला नाही.

आता तुम्ही म्हणाल, कच खाल्ली. आपल्यातलेच काही जण म्हणतात, आपल्या पोरांनी नोकऱ्या मागायचं सोडावं, ठेके मागावेत. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. सरकार एवढी खरेदी करतं तर आपल्याकडून का नाही, हा सवाल बरोबर आहे. केंद्रानं २०१२ साली लघुउद्योगांसाठी खरेदीचं धोरण आणलं, त्यात एससी-एसटी उद्योजकांकडून ४ टक्के खरेदी करायची असं लिहिलं. पण ते केंद्राच्या खात्यांना आणि कंपन्यांना, गावच्या नगरपरिषदेच्या दारापर्यंत ते चार टक्के पोचत नाहीत. कर्नाटकानं आपल्या खरेदी कायद्यात दुरुस्ती करून एससी-एसटी ठेकेदारांना बांधकामात वाटा ठेवला, आधी ५० लाखांपर्यंतच्या कामांत, मग २०२३ साली १ कोटीपर्यंतच्या. महाराष्ट्रातल्या लहान गावांनीही तसं का करू नये? मागा. जोरात मागा.

पण काय विकायला मागताय, ते आधी ठरवा. नगरपरिषद दोन गोष्टी विकत घेते, वस्तू आणि सेवा. शाळेचे बाक विका. पाण्याचे पाईप विका. दिवे, पुस्तकं, कचऱ्याचे डबे, बूट, गणवेश विका. त्यात अनामत माफ करून घ्या, उलाढालीची अट मोडून काढा, बिल महिन्यात मिळालंच पायजे म्हणून मुख्याधिकाऱ्याच्या दारात बसा. वस्तू विकणारा दलित हा गावाच्या तोंडावर मारलेला जबाब आहे. पण टेंडरमधली 'सफाईची सेवा' म्हंजे काय? ती कुठल्या कारखान्यात बनत नाही. ती माझ्या मावशीचे दोन हात आहेत. ती विकायची म्हंजे मावशी विकायची. आणि विकणारा जयभीमवाला असला म्हणून तो व्यवहार पवित्र होत नाही.

सेवा! केवढा गोड शब्द. हा शब्द आपण ओळखतो. महारकीचं वतन हीच सेवा होती. गावकीनं रात्री-बेरात्री हाक मारायची, आपण धावायचं, सांगावा न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं, आणि बदल्यात जमिनीचा तुकडा नि बलुतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध बिल आणलं, तेव्हा आपलेच काही लोक म्हणाले, वतन गेलं तर खायचं काय? शेवटी ते १९५८ च्या कायद्यानं गेलं. वतन गेलं, सेवा राहिली. पाटलाच्या जागी ठेकेदार आला, बलुत्याच्या जागी उक्ता पगार, आणि गावकीच्या जागी नगरपरिषद. वतन निदान बापाकडून पोराकडं जायचं. ठेका दर वर्षी बदलतो आणि माणूस दर वर्षी नवा धरला जातो.

त्याच बाबासाहेबांनी मुंबईत म्युनिसिपल कामगारांचा संघ काढला. त्यांनी झाडूवाल्यांना ठेकेदार व्हा म्हटलं नाही. कामगार व्हा म्हटलं.

मधला माणूस उडवता येत नाही असं कोण म्हणतो? गोदीत पूर्वी टोळीवाला होता, तो म्हणेल त्याला काम. १९४८ साली गोदीकामगारांचा कायदा आला, नोंदणी आली, बोर्डं आली. १९६९ साली या राज्यात माथाडी कायदा झाला. आणि मुंबईत कचरा उचलणाऱ्यांना महापालिका कामगारच मानायला तयार नव्हती. त्यांची युनियन वर्षानुवर्षं कोर्टात लढली आणि ७ एप्रिल २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं २,७०० जणांना कायम करायचा निकाल कायम ठेवला. हे आपोआप झालेलं नाही. हजेरीचे कागद जपून ठेवले म्हणून झालं.

कायद्याची गंमत बघा. २०२० ची कामगार संहिता म्हणते, मुख्य कामात ठेका नको. आणि लगेच सफाईला मुख्य कामातून बाहेर काढते. फक्त आस्थापनाच त्या कामासाठी उभी असेल तर गोष्ट वेगळी. मग विचारा की लेको, नगरपरिषद कशासाठी उभी आहे? १९६५ च्या नगरपरिषद कायद्याचं कलम ४९ काढा. रस्ते आणि गटारं साफ ठेवणं हे तिचं बंधनकारक काम. म्हंजे कारभाऱ्यांनी सभागृहात खुर्च्या गरम करायच्या आणि बंधन मात्र माझ्या मावशीला?

गटारात मेलेल्याची भरपाई न्यायालयानं २०१४ ला १० लाख ठरवली, २०२३ ला ३० लाख. मेलेल्या माणसाचा भाव वाढतोय. जिवंत माणसाचा भाव मात्र दर टेंडरला खाली.

तर दोस्तांनो, कविता करा, पण आधी टेंडर वाचा. माहितीच्या अधिकारात तुमच्या गावच्या ठेक्याची प्रत मागा. त्यात किती माणसं लिहिलीत आणि रस्त्यावर किती आहेत, मोजा. मस्टरवर किती पगार आणि हातात किती, लिहून घ्या. पीएफ भरला का बघा. टेम्पोतल्या बाईला तिच्या हजेरीचा कागद मिळवून द्या, तो तिचा सातबारा आहे. आणि मग तो गठ्ठा घेऊन नगरपरिषदेच्या पायरीवर बसा. सांगा, मधला माणूस नको, आमचं नाव तुमच्या मस्टरवर लिहा.

मावशी आज पहाटेही त्या टेम्पोत उभी होती. मी गोदीला निघालो होतो. तिनं वरून हात केला. हातमोजा नव्हता.

जय भीम.