सुराला हवे तिथे छिद्र

मुखपृष्ठावरची चांदीची पाश्चात्त्य बासरी एका सोनाराच्या मुलाची देणगी आहे. हा मुलगा, म्हणजे म्युनिकचा वादक थिओबाल्ड बोम, १८३१ साली लंडनला गेला आणि तिथे त्याने बासरीवादक चार्ल्स निकल्सनला ऐकले. निकल्सनच्या बासरीची छिद्रे मोठी, म्हणून नादही भरदार. बोमला ते लागले. छिद्र बोट पोहोचेल तिथे नव्हे, सुराला हवे तिथे आणि हवे तेवढे पाडायचे, आणि बोटांची सोय चाव्या-कड्यांवर सोपवायची, असे त्याने ठरवले. १८३२ मध्ये तशी बासरी तयार झाली, पण नळी जुन्याच निमुळत्या घाटाची होती. ध्वनिशास्त्राचा अभ्यास करून १८४७ मध्ये त्याने तीही बदलली : अंग सरळ, आतून १९ मिलिमीटर, मुखाकडचा भाग मात्र १७ मिलिमीटरपर्यंत निमुळता. आजच्या वाद्यवृंदातल्या बासरीचा पाया हाच.

आपल्या वेळूच्या बासरीवर बोट छिद्रावरून हळूच सरकते आणि मींड निघते. चावीने झाकलेल्या छिद्रावर ती मुभा राहत नाही, हे मला डाचते. तरीही बोमची कामगिरी मोठीच. हा अंक वाचताना एखादी जुनी लाकडी पाश्चात्त्य बासरी आणि बोमच्या रचनेची बासरी, दोन्ही शेजारी ठेवून ऐका.