सालीचा वाख, लाकडाचा लगदा आणि आपले लेबल

सध्या कापड बाजारात ‘नैसर्गिक’ या एका शब्दाला मोठा भाव आला आहे. बांबूचे कापड, निलगिरीचे कापड, लिनन असे लेबल ताक्याला लागले की मीटरमागे दर चढतो. गिऱ्हाईक खुशीने पैसे देते आणि आपणही फारशी चौकशी न करता घेतो. व्यापारी बांधवांनी इथे थोडे थांबून विचार करावा, असे मला वाटते.

ज्यांनी खेड्यात अंबाडी पाण्यात कुजत घातलेली पाहिली आहे, त्यांना ही गोष्ट लगेच समजेल. काही दिवसांनी काडी सोलली की सालीचा वाख निघतो आणि आत पांढरी काडी उरते. वाख म्हणजे सालीतले तंतू, आतली काडी म्हणजे लाकूड. वाखाचा दोर वळतात, काडी चुलीत जाते. जवसाच्या सालीतून निघणारे लिनन याच जातीचे. त्याचा एकेक तंतू साधारण 2 ते 3 सेंटिमीटर लांब, म्हणून त्याचे सूत निघते. निलगिरीच्या लाकडातला तंतू जेमतेम 1 मिलिमीटरचा. तो कातता येत नाही.

मग लाकडाचे कापड होते कसे? लाकडाच्या लगद्यावर कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया करून तो विरघळवतात आणि बारीक छिद्रांतून गंधकाच्या आम्लात सोडतात. त्याचा धागा म्हणजे व्हिस्कोस. हा 1892 सालचा इंग्लंडमधला शोध. आपल्या भिवंडीच्या मागांवर हे सूत रेयॉन या नावाने वर्षानुवर्षे चालते आहे. कापड मऊ, घाम शोषणारे. ते विकण्यात कमीपणा काहीच नाही. कमीपणा आहे तो त्याचे नाव बदलण्यात.

बांबू तर गवताच्या कुळातला, त्याला झाडासारखी साल नसते. बाजारातले बहुतेक बांबूचे कापड व्हिस्कोसच असते. अस्सल लिनन सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येते. त्याच्या तंतूवर पेरांसारख्या आडव्या खुणा दिसतात. कापसाचा तंतू पीळ पडलेल्या फितीसारखा दिसतो आणि व्हिस्कोसवर उभ्या रेघा असतात. पण तो लगदा बांबूचा होता की निलगिरीचा, हे सूक्ष्मदर्शकही सांगत नाही. जाळून पाहण्याची आपली जुनी पद्धतही इथे निरुपयोगी, कारण हे सारे कागदासारखेच जळते. म्हणजे गिऱ्हाइकाजवळ आपल्या जबानीशिवाय दुसरा पुरावा नाही.

दोन वर्षांपूर्वी ईदच्या तोंडावर एका घाऊक व्यापाऱ्याच्या शब्दावर मी ‘बांबूचे, जंतुनाशक’ असे सांगून माल विकला. एका मास्तरांनी खोदून विचारले, तेव्हा खरेदीचे बिल काढले. त्यावर साधे ‘व्हिस्कोस’ होते. फरकाचे पैसे मी परत केले, पण त्या दिवशी मान खाली गेली ती गेलीच.

2022 साली अमेरिकेत याच कारणासाठी दोन बड्या दुकान-कंपन्यांना मिळून 55 लाख डॉलर भरावे लागले. रेयॉनला बांबू म्हणणे ही फसवणूक आहे, असे तिथल्या व्यापार आयोगाचे म्हणणे होते. आपल्याला तर याहून मोठी ताकीद आहे. मापात कमी देणाऱ्यांवर कुरआन शरीफमध्ये सूरह मुतफ्फिफीन ही एक पूर्ण सूरह आहे. गज पुरा दिला आणि नाव खोटे सांगितले, तर माप पुरे झाले असे कसे म्हणावे?

म्हणून माझी सूचना साधी आहे. खरेदीच्या बिलावर तंतूचे नाव आणि टक्केवारी लिहून घेतल्याशिवाय माल उचलू नये. लेबलवर ‘बांबूपासून बनवलेले व्हिस्कोस’ असे साफ लिहावे. बाजारातल्या दुकानदारांनी वर्गणी काढून एक सूक्ष्मदर्शक घ्यावा आणि लिननचा प्रत्येक नवा माल त्याखाली पाहावा. दोन पैसे कमी सुटतील, पण गिऱ्हाईक टिकेल आणि कमाईत बरकत राहील.